मांडवातलं नाव

गेल्या महिन्यात सीवूड्सच्या एका एसी हॉलमध्ये माझं पुन्हा एकदा लग्न लागलं. मी तेव्हा हातात प्लेट घेऊन बुफेच्या रांगेत उभी होते.

नवरीचं नाव रिद्धी होतं. डीजेवाल्यानं स्पीकरवर गाणं लावलं आणि गाण्यातली मंजू न्हाऊन पाटावर बसली. पुढच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि नाचायला निघालेल्या पोरांना दटावलं, "गप बसा रं, धवला चाललाय." माझ्या मागं रांगेत उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, मला यातलं काही कळत नसणार. त्यांनी मला समजावून सांगितलं की हा आमच्या आगरी लोकांचा लग्नात गायचा फार जुना धवला आहे, पणजीच्या काळापासून असाच गातात. मी "हो का?" म्हटलं आणि पनीर वाढून घेतलं.

तो धवला नव्वदच्या दशकात वाशीच्या एका गाळ्यात, एका दुपारी, मी स्वतः कापून-छाटून बनवलेला आहे. त्यातली मंजू म्हणजे मी.

संपादकांनी 'त्या दिवसांतल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलंय. हल्लीची मुलं मला नव्या मुंबईची पहिली इलेक्ट्रो-पॉप गायिका वगैरे म्हणतात. आम्ही त्याला 'मशीनवालं गाणं' म्हणायचो. गमती पुष्कळ झाल्या. पण लिहायला बसले की दर वेळी एकच गोष्ट आडवी येते, म्हणून तीच सांगून टाकते.

मी घणसोली गावातली. आमची शेती शहराखाली गेली, मिठागर गेलं. माझ्या बापानं कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. घरात एकच माणूस असं होतं, ज्याचं काम शहरानं काढून घेतलं नव्हतं. ती म्हणजे ठमाआत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. आत्या धवलारीण होती. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण लागायचीच. ती मांडवात बसून धवले गाते. देवांना आवतण देते, हळद, पाणी, पाट, तांदूळ सगळ्यांना गाण्यात बोलावते, आणि मग नवरीचं नाव घेते. तिच्या बापाचं, आईचं, गावाचं. ते नाव धवलारणीच्या तोंडून आलं की मग ती मुलगी नवरी झाली. मंगळसूत्र नंतरचं.

नावाची जागा आली की आत्या थांबायची. पुरती थांबायची. बाजूच्या बायांकडे बघायची, कानाशी हात नेऊन नाव नीट विचारून घ्यायची, आणि मग सावकाश उच्चारायची. तेवढा वेळ सगळा मांडव श्वास धरून असायचा. लहानपणी मी तिच्या मांडीला चिकटून हे बघायचे. ती मला म्हणायची, "तुज्या लग्नात मी सात धवले बोलीन. गला बसला तरी चालंल." दर लग्नात म्हणायची. मी ते धरून चालले होते. मला नवरा कसा हवा हे ठरलं नव्हतं तेव्हापासून माझ्या मांडवात आत्या असणार, हे ठरलेलं होतं.

कॉलेजात मी ऑर्केस्ट्रात गायला लागले. तिथं सुहास भेटला. वाशीच्या सेक्टरमधला, सरकारी नोकरदारांचा मुलगा, इंजिनिअरिंग अर्धवट टाकून कीबोर्डच्या नादी लागलेला. त्याच्याकडे परदेशातून आणवलेलं एक ऱ्हिदम मशीन होतं. जेवणाच्या डब्याएवढं. त्यात ढोल, झांज, टाळी, काचेवर चमचा मारल्यासारखा एक आवाज, सगळं होतं. सुहास त्याला स्वतःच्या आईपेक्षा जपायचा.

गाणी कशी बनायची ते सांगते, कारण लोकांना वाटतं आतून काही तरी उमलून येतं. आमचं असं असायचं. सुहास मशीनवर ठेका लावायचा. मी त्यावर तोंडाला येईल ते बरळायचे, चाल पक्की होईपर्यंत. त्या बरळण्याला 'डमी' म्हणतात. शब्द मागाहून. कित्येक गाण्यांचा मुखडा आधी 'वांगी बटाटे कांदे गो' असा होता. चाल बसली की डमी काढून खरे शब्द घालायचे, हा धंद्याचा साधा नियम.

कॅसेट काढणारे एक शेठ होते. त्यांचं म्हणणं होतं, हळदीला वाजेल असं काही तरी द्या, लोक वर्षभर लग्नं करतात. मला आत्याचा धवला आठवला. मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी सांगितलं, तुझा धवला कॅसेटमध्ये घालायचाय, सगळीकडे वाजेल. ती हरखली. खरंच हरखली, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोक म्हणाले मी तो चोरला. तिनं दोन दुपारी बसून तो मला सांगितला. दोन-दोन ओळींच्या चाळीसच्या वर जोड्या होत्या. शेवटी तिनं एकच अट घातली.

"नावाची जागा रिकामी ठेव. जिचा लगीन, तिचा नाव. दुसरा कोनाचा घालायचा नाय."

मी हो म्हटलं.

आता त्या दुपारचं. स्टुडिओ तासावर मिळायचा. सुहास ठेका लावून बसला आणि डोकं धरलं. म्हणाला, "मंजू, याला तालच नाहीये. तुझी आत्या मनाला येईल तिथं थांबते. मशीन कसं थांबवू?" मग आम्ही धवला ठोकून-ठोकून चार मात्रांच्या हिशोबात बसवला. जिथं ओळ लांब होती तिथं शब्द कापले. चाळीस जोड्यांमधल्या चार ठेवल्या, कारण गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं तर शेठ ऐकत नसत. देव बरेच गेले. आई गेली, कारण आईची ओळ रडवेली होती आणि ठेका नाचाचा होता. राहिलं ते असं:

न्हाली गो मंजू, बसली पाटावं,
बापाचे डोल्यान खारीचा पानी.

बापाच्या डोळ्यांत खाडीचं पाणी, आणि पाटावर मंजू. 'मंजू' डमी होतं. नावाच्या जागी मशीन थांबेना, दोन मात्रा भरायला काही तरी हवं होतं, आणि माझ्या तोंडाला माझंच नाव सगळ्यात जवळचं. मागाहून तिथं 'नवरी' घालायचं ठरलं होतं. तसं गाऊनही बघितलं. शेठ काचेपलीकडून म्हणाले, "नवरी में क्या मजा है? वो मंजूवाला रखो, उसमें बात है." स्टुडिओची वेळ संपत आली होती. सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे.

वेळ संपली हे खरं. शेठ बोलले हेही खरं. पण हेडफोनमध्ये माझ्याच आवाजात माझं नाव, मागं तो काचेचा टिंग असा आवाज, हे मला फार आवडलं होतं. इतकी वर्षं मी दोष स्टुडिओच्या घड्याळाला देत आले. आता साठी जवळ आली, अजून किती दिवस घड्याळाच्या डोक्यावर खापर फोडणार?

कॅसेट चालली. म्हणजे नुसती चालली नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक टेम्पोत वाजली. आमचे दौरे सुरू झाले. दौरा म्हणजे काय तर उरण, पनवेल, अलिबाग, कधी वसई. ट्रकचा फाळका पाडून स्टेज. मी, सुहास, ढोलवाले दोघं. मशीन प्रत्येक ठिकाणी न्यायला सुहासचा जीव धजत नसे, म्हणून बऱ्याचदा नुसत्या वाजवण्याची कॅसेट लावून मी त्यावर गायचे. जनरेटर दमला की टेप हळू फिरायची आणि गाण्याचा सूर खाली घसरायचा. त्यासोबत मीही घसरायचे. लोकांना वाटायचं, काय दर्दभरं गाते.

नावांचा धसका मला तेव्हाच बसायला हवा होता. एका गावात, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर एका माणसानं चार मजली इमारत बांधली होती, तिच्या वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. त्यानं चिठ्ठी दिली, गाण्यात सगळ्या भावांची नावं घ्या. पाच नावं होती, त्यातलं एक खोडलेलं. ती बारीक खोड मला दिसली नाही आणि मी पाचही नावं गायली. ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू होतं तो भाऊ कंपाउंडबाहेर उभा राहून ऐकत होता. नाव ऐकून तो सरळ आत आला आणि जेवायला बसला. नाव घेतल्यावर आवतण झालंच की. यजमानानं माइकची वायर उपटली आणि आमची रवानगी केली. सुहास वाटेत हसून हसून बेजार झाला. मीही हसले.

पत्रं यायची. नेरूळच्या एका बाईंनी लिहिलं की तुमच्यामुळे आम्हाला इथल्या भूमिपुत्रांची संस्कृती समजली. चार जोड्यांत समजली. पोरं वहीवर सही मागायची. एक पोस्टमन तर आमच्या आळीत आला की पत्र देताना 'न्हाली गो मंजू' म्हणायचाच. त्याला वाटायचं, मला हे आजच कुणी तरी पहिल्यांदा म्हणतंय.

आणि आत्या? कॅसेट आल्यावर मी ती तिला ऐकवली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून विचारलं, "हा थांबत नाय का कुठं?" मी म्हटलं, नाही. तिनं नावाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

दोन-तीन महिन्यांनी आमच्याच आळीतल्या लग्नात तिला बोलावलं. ती धवला सुरू करून दुसऱ्या जोडीवर आली तोच पोरी ओरडल्या, आत्ते, कॅसेटसारखा बोल ना, हा कुठला काढलास? तिनं थोडं रेटलं. मग मांडववाल्यानं माझी कॅसेट लावली आणि आत्या पदर सावरून उठली. हे मला आईनं सांगितलं. मी त्या दिवशी अलिबागला होते. पुढच्या मोसमात तिला बोलावणीच आली नाहीत. कॅसेट जवळच होती, धवलारणीला आणा-पोचवा, साडी-चोळी करा, कोण करतो? शहरानं जे नेलं नव्हतं ते मी नेलं. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. मी दौऱ्यांवर होते, हा माझा जबाब.

मग सुगंधा आली. उरणकडची, विशी-बाविशीची मुलगी. दुपारी दारात उभी, हातात माझ्या कॅसेटचं कव्हर. मला वाटलं सही हवी असेल, मी पेन घेऊनच बाहेर आले. तिनं कव्हर पुढं केलं नाही. म्हणाली, "ताई, माज्या लग्नान धवलारीन नव्हती. तुमचीच कॅसेट लावली. आता काय बी झाला का सासू बोलते, मांडवान नाव मंजूचा घेतला, मंग तू कोन?"

मी हसले. हे मला आजही खुपतं. मी हसून म्हटलं, अगं, ते गाणं आहे. ती म्हणाली, पहिल्यांदा सासूसुद्धा हसतच म्हणाली होती. मग वर्ष झालं, पाळणा हलेना, तेव्हा हसणं थांबलं. नवरा काही बोलत नाही, पण आईला गप्पही करत नाही. तिला माझ्याकडून एकच हवं होतं. एकदा तिचं नाव घालून ते गाणं गायचं, तिच्या समोर.

सुहास त्या दिवशी मशीन घेऊन घरी आलेला होता. त्यानं मशीन लावलं. मी गायला गेले तर 'सुगंधा' बसेना. दोन मात्रांची जागा, नाव मोठं. घाईघाईत कोंबावं लागत होतं, नाही तर शेवटचं अक्षर गिळावं लागत होतं. तीन-चार वेळा करून पाहिलं. सुहास म्हणाला, ठेका थोडा कमी करतो. सुगंधा खाली मान घालून ऐकत होती. मग तीच म्हणाली, राहू द्या ताई.

मी तिला आत्याकडे घेऊन गेले. आत्याशी माझं बोलणं तेव्हा कामापुरतंच उरलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलंही नाही. सुगंधाला पाटावर बसवलं, हळदीचं बोट लावलं आणि विचारलं, बापाचा नाव काय, आईचा नाव काय, गाव कुठला, घरचा देव कोन. पोरगी एकेक सांगत गेली. मग आत्यानं धवला धरला. पहिल्यापासून. मी कापलेले सगळे देव परत आले. आईची ओळ आली, त्या ओळीत आई चुलीपाशी बसून धुराचं निमित्त करून डोळे पुसते. मी ती विसरूनच गेले होते. नावापाशी आत्या थांबली. सुगंधाच्या तोंडाकडे बघत थांबली, आणि मग एकेक अक्षर सोडलं. पोरीनं तिथंच आत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली.

मध्येच मी उठून टेपरेकॉर्डर आणायला निघाले होते. धवला न तोडता आत्यानं हातानं मला खाली बसवलं.

सुगंधाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तिनं पत्र लिहिलं नाही. ज्यांची पत्रं आली त्यांची मी सगळी जपून ठेवली आहेत, आणि जिच्या पत्राची वाट बघितली तिचं एकही नाही.

त्यानंतर वर्षभरात माझं आणि सुहासचं ठरलं. त्याच्या घरी नवरीचं नाव बदलायची पद्धत होती. सासूबाईंनी माझं बदललं नाही. म्हणाल्या, नावाला किंमत आहे बाई तुझ्या, ते कशाला घालवा. मला बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी साडी घेऊन आत्याकडे गेले. मानाची साडी, हिरवी, धवलारणीला देतात तशी. म्हटलं, आत्या, सात धवले म्हणाली होतीस. ती साडीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, मागचं बोलेल, रागावेल. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते. ती अजिबात रागावली नाही.

"तुजा नाव उष्टा झाला गो पोरी," ती म्हणाली. "कवरे मांडवान घेतला त्या. आता देवासमोर कसा ठेवू?"

नैवेद्याच्या ताटातलं आधी कुणी खाल्लं तर ते देवापुढं ठेवत नाहीत. इतक्या मांडवांत घेतलेलं नावही तसंच. तिच्या लेखी इतकं सरळ होतं. मी शिकलेली, स्टेजवर हजारो लोकांपुढं उभी राहणारी, तिच्याशी वाद घालायला लागले. म्हटलं, माझं पाळण्यातलं नाव घे, मंजुळा. ते तर कुणी घेतलेलं नाही. तिनं विचार केला. खरंच डोळे मिटून विचार केला. मग म्हणाली, "त्या नावानं तुना कोन हाक मारतो? देव कोनाला बघील?"

तिनं साडी घेतली नाही. लग्नाला येईन म्हणाली.

लग्न वाशीच्या हॉलमध्ये झालं, सकाळच्या मुहूर्तावर. सुहासकडच्या मंडळींना माझ्या गाण्याचं भारी कौतुक. मला न विचारता त्यांनी ते लावायची व्यवस्था केली होती. मी पाटावर बसले आणि स्पीकरमधून टिंग वाजलं. पाठोपाठ माझाच आवाज. आजवर ज्या मांडवांत ती कॅसेट वाजली, त्यांत हा एकच मांडव असा असेल जिथं नाव बरोबर होतं. 'न्हाली गो मंजू' आलं तसे सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. सुहासही हसत होता. मी पुढच्या रांगेकडे बघत होते. आत्या तिथं डोक्यावर पदर घेऊन बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि नावाच्या जागी गाणं थांबेल म्हणून की काय, तिनं मान किंचित वर केली. गाणं थांबलं नाही. पुढं गेलं.

गाणं संपल्यावर ती काठी टेकत माझ्यापाशी आली. माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग हळूच विचारलं, "झाला का गो धवला?"

मी म्हटलं, "झाला, आत्या."

"मंग मी जेवाला बसते," ती म्हणाली आणि गेली.